दिवाळीची सायकल, नोव्हेंबरची खडखड

दसरा-दिवाळीला सायकली विकल्या जातात आणि महिनाभराने माझ्याकडे पत्रं येतात, हे आता ठरूनच गेलंय. सकाळी नागपुरात फुटाळा तलावावर चक्कर मारली तर नव्या सायकली लगेच ओळखू येतात, हँडलला अजून प्लॅस्टिक चिकटलेलं असतं, मागून खड-खड-टक आवाज येत असतो आणि चालवणारा मान वळवून मागच्या चाकाकडे बघता बघता मॉर्निंग वॉकवाल्या काकूंना धडकायचा वाचतो. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांचं अर्धं दुखणंही तिथेच आहे.

प्रश्न : दादा, दसऱ्याला २१ गिअरची सायकल घेतली, मागे ७ पुढे ३. पहिले तीन आठवडे मस्त, गिअर असा लोण्यासारखा पडे. आता आठ-दहा दिवसांपासून मागचा गिअर टाकून राहिलो तं एक क्लिक दिली की काहीच होत नाही, दुसरी दिली की धाडकन पडतो, अन् मनीषनगरच्या पुलावर चढताना तं अध्येमध्येच चेन सटकते, पाय रिकामा फिरतो. दुकानात गेलो तं म्हणे चालवत राहा, आपोआप सेट होते. शेजारच्या काकांनी पेचकस घेऊन मागचे दोन स्क्रू फिरवून पाहिले, त्याच्यानंतर अजूनच बिघडलं. सायकल बदलून मागू का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : बदलून मागू नका. काकांना चहा पाजा, पण पेचकस लपवून ठेवा.

तीन आठवडे चांगली चालून मग बिघडली ही खरं तर चांगली खबर आहे. मुळातच खोट असती तर पहिल्या दिवसापासून त्रास दिला असता. झालंय एवढंच की नवी गिअरची वायर बसली. आपल्याकडे मिस्त्री म्हणतात वायर ताणली गेली, पण स्टीलची वायर म्हणजे काही रबर नाही, ती ताणली जाते ती नावापुरती. वायर ज्या काळ्या नळीतून जाते, म्हणजे आउटर, त्याची टोकं टोप्यांमध्ये हळूहळू घट्ट बसत जातात, आउटर स्वतःही थोडा दबतो, आणि तेवढ्यानं आतली वायर ढिली पडते. किती ढिली, तर अर्धा मिलिमीटर, फार तर एक.

तुम्ही म्हणाल एवढ्यानं काय होतं. तर ७ गिअरच्या फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्यावर, एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर असतं ५ मिलिमीटर, आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअर टाकायचा खटका) एका क्लिकला वायर ओढतो जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे वायर ३ सरकली की डिरेलर (मागे लटकणारा, चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ५ सरकणार असा सगळा हिशेब बांधलेला. त्या ३ मधला अर्धा-एक ढिलाई भरून काढण्यातच गेला तर डिरेलर पुढच्या चकतीपर्यंत पोचतच नाही, मध्येच लटकतो, आणि दुसऱ्या क्लिकला मागची थकबाकी धरून उडी मारतो. तुमचं धाडकन ते हेच. पुलावर चेन सटकते तीही त्यामुळेच, दोन चकत्यांच्या मध्ये अर्धवट बसलेल्या चेनवर तुम्ही सगळं वजन टाकता.

पूर्वी हे दुखणं नव्हतं. १९८४ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने ड्युरा-एस या रेसिंगच्या सेटवर क्लिकवाले गिअर आणले, त्याआधी बहुतेक सायकलींवर दांडी अंदाजानेच सरकवायची आणि कानाने ऐकून चेन जागेवर आणायची, वायर ढिली असली तर हात आपसूकच थोडा जास्त ओढायचा. क्लिक आली, मशीनने ते काम घेतलं, पण मशीन अंदाज करत नाही.

दुकानदार अर्धं खरं बोलला. वायर आपोआप बसते, पण गिअर आपोआप सेट होत नाही, वायर बसल्यावर तो माणसानेच सेट करायचा असतो. महिन्याभरातली पहिली सर्व्हिस असते ती त्याच्यासाठीच, बरीच दुकानं ती फुकट करून देतात, बिल घेऊन जा आणि हक्कानं मागा. नाही तर घरीच करा, कठीण नाही.

मागचं चाक अधांतरी पाहिजे. स्टँड कुठे विकत घेता, झोपाळ्याची कडी मोकळी असेल तर सीटखालून दोरी घालून तिला टांगा, नाही तर घरातलं कोणी सीट धरून उभं करा. सायकल उलटी करूनही जमतं, पण मग हँडलवरचा शिफ्टर फरशीला टेकतो आणि डावं-उजवं डोक्यात उलटंपालटं होतं. आता पहिली गोष्ट, वायरला हात लावायच्या आधी मागचं चाक सरळ बसलंय का बघा, दोन्हीकडचे नट घट्ट आहेत का बघा. स्वस्तातल्या सायकलींमध्ये डिरेलर ज्या पट्टीला लटकतो ती पट्टी चाकाच्या नटाखालीच अडकवलेली असते, चाक वाकडं बसलं की डिरेलरही वाकडा. हे बघायचं सोडून लोक अर्धा अर्धा तास बाकीचं फिरवत बसतात (मीही बसलोय).

मग काकांचे स्क्रू. त्यांच्यावर एच आणि एल लिहिलेलं असतं. हे दोन स्क्रू गिअर पाडत नाहीत, ते फक्त कुंपण आहेत, डिरेलरने बाहेर कुठपर्यंत जायचं आणि आत चाकाकडे कुठपर्यंत यायचं ती हद्द ठरवतात. क्लिक नीट पडत नाही म्हणून ते फिरवणं म्हणजे गाय दूध देत नाही म्हणून गोठ्याची भिंत सरकवणं. पण आता फिरवलेच आहेत तर जागेवर आणावे लागतील. शिफ्टर सर्वात मोठ्या आकड्यावर न्या म्हणजे चेन सर्वात लहान चकतीवर येईल, डिरेलरवर वायर जिथे दाबून धरलीय तो बोल्ट ढिला करा (बहुतेक ठिकाणी ५ नंबरची अ‍ॅलन की लागते, काहींना साधा पाना) आणि वायर मोकळी सोडा. आता डिरेलर स्प्रिंगच्या जोरावर जिथे थांबला तिथे त्याला एचने थांबवलंय. मागे उकिडवं बसून बघा, डिरेलरच्या दोन छोट्या पुल्यांपैकी वरची सर्वात लहान चकतीच्या बरोबर खाली यायला पाहिजे, नसेल तर एच थोडा थोडा फिरवा. मग एका हाताने पायडल फिरवत दुसऱ्या हाताने डिरेलर आत ढकला, चेन चढत चढत सर्वात मोठ्या चकतीवर जाईल, तिथे पुली त्या चकतीखाली थांबली पाहिजे आणि त्याच्या पुढे, आऱ्यांकडे, कितीही ढकलली तरी जाता कामा नये. ते काम एलचं. झालं, यानंतर या दोघांना हात लावायचा नाही.

आता खरं काम. वायर डिरेलरमध्ये जिथून शिरते तिथे एक खाचांचा बॅरल असतो, बोटाने फिरणारा. तो आधी पूर्ण आत फिरवा, मग एक फेरा बाहेर काढा. डिरेलर सोडून पायडल फिरवलं की चेन परत सर्वात लहान चकतीवर येते, तिथेच वायर पकडीने हलकी ओढून धरा (ओढून म्हणजे ढिली नको एवढंच, सतार लावायची नाहीये) आणि बोल्ट आवळा. पायडल हाताने फिरवत एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चकतीवर चढली नाही किंवा आळसटत चढली तर वायर ढिली आहे. मागून, म्हणजे आउटर जिथून येतो त्या बाजूने बघत, बॅरल घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा आणि परत बघा. एका क्लिकमध्ये चढून पुढच्या चकतीला घासत असेल किंवा खाली उतरायला नखरे करत असेल तर जास्त ओढली गेली, पाव फेरा उलटा. पाव म्हणजे पावच. जे लोक दोन दोन फेरे मारतात तेच मला नंतर लांब पत्रं लिहितात. चढताना उतरताना दोन्हीकडे आवाज गेला की सातही गिअर एकदा वर एकदा खाली करून बघा, आणि मग खाली उतरून चालवून बघा, कारण वजन पडल्यावर थोडा फरक निघतो, तो पाव फेऱ्यात जातो.

एक गोष्ट अजून. बॅरल घट्ट केला की उतरत नाही, ढिला केला की चढत नाही, कुठेच समाधान नाही, असं झालं तर वायरच्या ताणाचा दोष नाही. वायर आउटरमध्ये अडतेय तरी किंवा डिरेलरची पट्टी वाकलीय. आउटर कुठे मोडल्यासारखा वाकलाय का बघा. आणि हे पण बघा की गिअरला ब्रेकचा आउटर तर लावलेला नाही, गल्लीतल्या पंक्चरच्या दुकानात जे हाताला लागेल ते कापून लावतात. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली असते, तो वाकला-दबला की लांबी बदलते, गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या लांबीने असतात म्हणून क्लिक हलत नाही. उलटा प्रकार तर कधीच नको, गिअरचा आउटर ब्रेकला लावला तर जोरात ब्रेक मारल्यावर तो फाटू शकतो.

आणि पुलाचं म्हणाल तर सेट केल्यावरही चढावर उभं राहून जोर देत गिअर टाकाल तर खाडकन आवाज येणारच. बाइकला क्लच असतो, सायकलला पाय हाच क्लच. पूल सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, क्लिक देताना अर्धा सेकंद पायाचा जोर काढा पण पायडल फिरतं ठेवा. थांबलेल्या सायकलवर, सिग्नलला उभ्या उभ्या, क्लिका देत बसू नका.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे, त्याच्यासाठी गिअरची सायकल ऑनलाइन मागवली, खोक्यात आली, त्याच्या मामाने घरी जोडली. सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन गेली की मागून टिकटिक असा आवाज येतो आणि काल तर चेन चकती अन् चाकाच्या तारांच्या मध्ये जाऊन अडकली, निघता निघेना. रोज शाळेत तीच नेतो. मामा म्हणतो नवीन आहे, होईल ठीक.
– एक आई, महाल

उत्तर : ताई, ही सायकल आजपासून बंद. दुरुस्त होईपर्यंत शाळेत चालत जाऊ दे. पहिल्या पत्रातला त्रास नुसता कटकटीचा होता, हा अपघाताचा आहे.

टिकटिक आवाज म्हणजे डिरेलरचा खालचा लटकणारा भाग फिरत्या आऱ्यांना लागतोय. आज लागतोय, उद्या आऱ्यात शिरेल, आणि शिरला की मागचं चाक एका क्षणात जाम होतं, मुलगा आपटतो, डिरेलर पिळून निघतो, चार-पाच आरे तुटतात. मी हे स्वतः करून बसलोय. रामटेकला जायचं म्हणून टेम्पोत सायकल टाकली आणि जागा नव्हती म्हणून उजव्या कुशीवर झोपवली, वर लोकांच्या बॅगा. परतीला चालवत येऊ असा बेत होता, तर मनसरच्या अलीकडेच सर्वात हलका गिअर टाकला आणि खाडकन सगळं थांबलं. पडलो नाही ते नशीब, पण सायकल ढकलत जे चाललो ते अजून पायांना आठवतं. चूक शंभर टक्के माझी होती.

कारण असं की डिरेलर सायकलच्या उजव्या बाजूलाच असतो आणि खोक्यात, टेम्पोत, शाळेच्या सायकल स्टँडवर एकावर एक सायकली कोसळतात तेव्हा मार त्यालाच बसतो. तो ज्या पट्टीला लटकतो, हँगर म्हणतात, ती अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर मुद्दाम मऊ केलेली असते, म्हणजे मार बसला तर ती वाकावी, फ्रेम वाचावी. मागे उभं राहून बघा. चकती, त्याखाली दोन छोट्या पुल्या, हे तिन्ही एका उभ्या रेषेत पाहिजे. खालची पुली चाकाकडे झुकलेली दिसली तर हँगर वाकलाय. हे मामाने हाताने सरळ करायचं काम नाही, मिस्त्रीकडे त्यासाठी चाकाशी माप घेत सरळ करायचा लांब दांड्याचा गेज असतो, ज्याच्याकडे तो आहे त्याच्याकडेच जा, आणि सारखा वाकत असेल तर हँगर नवा टाकून मिळतो. सरळ झाल्यावर वर लिहिलेला एल स्क्रू सेट करून घ्या आणि दुकानातून निघायच्या आधी तुमच्यासमोर डिरेलर हाताने आत ढकलून दाखवायला सांगा, तो आऱ्यांपर्यंत पोचता कामा नये.

मोठ्या चकतीमागे प्लॅस्टिकची पारदर्शक थाळी असेल तर मुलगा ती काढा म्हणेल, मित्र चिडवतात म्हणून. काढू देऊ नका, ती यासाठीच आहे. आणि सायकल आडवी ठेवायचीच असेल तर डाव्या बाजूवर.

प्रश्न : दादा मी फर्स्ट इयरला आहे, हिंगणा रोडला कॉलेज, रोज सायकलने जातो. माझ्या सायकलला पुढे ४२-३४-२४ अन् मागे १४ ते २८ दात आहेत, मी मोजले. मित्र म्हणतो २१ गिअर म्हणजे २१ स्पीड, सगळे वापरले पाहिजे नाहीतर जाम होतात. मी सगळे वापरतो पण काही काही गिअरला समोरून घासल्याचा आवाज येतो. डिफेक्ट आहे का?

उत्तर : दात मोजलेस म्हणजे तू कामाचा माणूस आहेस. डिफेक्ट नाही, मित्राचं ऐकू नको.

पुढचे दात भागिले मागचे दात, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती फिरतं ते. पुढे ४२ मागे २८, उत्तर १.५. आता पुढे २४ मागे १६ कर, परत १.५, तोच गिअर. पुढे ४२ मागे २० आणि पुढे ३४ मागे १६ यांच्यात उन्नीस-बीसचाही फरक नाही, २.१ आणि २.१२५. अशा पाच-सहा जोड्या निघतात, वहीत मांडून बघ, लेक्चर बोअर होत असेल तेव्हा. म्हणजे २१ हा दुकानातला आकडा, रस्त्यावरचा नाही.

तुझा घासण्याचा आवाज बहुतेक पुढची मोठी-मागची मोठी किंवा पुढची लहान-मागची लहान केल्यावर येत असणार. तेव्हा चेन तिरपी धावते आणि पुढच्या डिरेलरच्या पत्र्याला घासते, लहान-लहानला तर चेन ढिली पडून खाली लोंबते पण. हे जोड वापरायचेच नाहीत, चेन आणि दात दोन्ही लवकर झिजतात, आणि तेवढाच वेग दुसऱ्या सरळ जोडीत मिळतोच, वर बघितलंस ना. सरळ जोडीतही घासत असेल तेव्हा पुढचा डिरेलर सेट करायचा, तो एकदा दुकानातूनच करून घे, पुढचा मागच्यापेक्षा किचकट असतो.

नागपूर सपाट आहे रे. पुढे मधली ३४ वर ठेव आणि मागचेच बदलत राहा, ३४ आणि १८ वर २६ इंची चाकाला एका फेऱ्यात साधारण ३.९ मीटर जातोस, मिनिटाला ६० फेरे मारलेस तर ताशी १४ च्या आसपास, कॉलेजला घाम न येता पोचशील. ४२ ठेव रिंग रोडच्या रिकाम्या पट्ट्यासाठी, २४ ठेव फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सकडे चढताना किंवा रामटेकचा गड चढायला गेलास तर. न वापरल्याने गिअर जाम होत नाहीत, धूळ-पाण्याने होतात. एखाद्या रविवारी सगळे एकदा फिरवून घेतलेस की पुरे.

प्रश्न : वय ६६. मुलीने गिअरची सायकल भेट दिली. चेनचा आवाज येतो म्हणून आधी शिलाई मशीनचं तेल घातलं, नंतर गॅरेजवाल्याने दिलेलं जाड ऑइल ओतलं, मध्ये दोनदा खोबरेलही लावून पाहिलं. आता चेन काळीकुट्ट, पायजम्याला डाग, आणि सकाळी सकाळी गिअर अजिबात हलत नाही, ऊन आल्यावर थोडा मऊ होतो. उपाय सांगावा.
– धरमपेठ

उत्तर : काका, चेनला तेल आतून लागतं, बाहेरून नाही. बाहेर राहिलेल्या जाड ऑइलवर धूळ बसते, आणि आपल्याकडे सिमेंट रस्त्यांची कामं कुठे ना कुठे चालूच असतात, ती बारीक भुकटी त्या ऑइलमध्ये मिसळून चेनला पॉलिश पेपरसारखी घासते. जुन्या बनियनचं फडकं रॉकेल किंवा डीग्रीझरमध्ये बुडवून चेन, मागच्या चकत्यांच्या फटी आणि त्या दोन छोट्या पुल्या पुसून काढा, पुल्यांवर सर्वात जास्त घाण असते आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. चाकाच्या मधल्या भागात रॉकेल जाऊ देऊ नका, आत ग्रीस असतं. पूर्ण वाळू द्या. मग सायकलच्या चेनचंच पातळ ल्यूब आणून प्रत्येक कडीच्या रोलरवर एक एक थेंब, चेनला शंभरावर कड्या असतात, दहा मिनिटं लागतील, पेपर वाचायच्या आधी उरकून टाका. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने बाहेरून सगळं पुसून घ्या, चेन हाताला जवळजवळ कोरडी लागली पाहिजे, पायजमाही वाचेल.

सकाळी गिअर न हलण्याचं कोडं मात्र तुमच्याच पत्रात सुटलंय. २४ अंशांखाली खोबरेल गोठायला लागतं, आणि सध्या आपल्याकडे पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. डिरेलरच्या सांध्यांत आणि पुल्यांत ते वडीसारखं घट्ट होऊन बसतंय. तिथलंही पुसा, सांध्यांना तेच पातळ ल्यूब थेंबभर द्या, आणि खोबरेलची बाटली परत बाथरूमच्या फळीवर ठेवून द्या.